मोठ्या बाबांचे ओट्स

"मोठी आई, मी तुमच्या घरी पाहुणी आहे का कामवाली?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि दामिनीला वाटलं, आता छत खाली येणार. गॅसवर ओट्स रटरटत होते, हातात चाटू होता, आणि मोठी आई डायनिंग टेबलवर मेथी निवडत मोबाइलवर कुणाची तरी रांगोळी बघत होती. छत जागेवरच राहिलं. मोठ्या आईने मेथीची काडी मोडली आणि हसत सुटली.

"अगं वेडाबाई! घरची पोरगी आहेस तू. घरच्या माणसाला कुणी असं विचारतं का? आणि तेवढं दूध कोमट करून ठेव, ह्यांना गार चालत नाही."

झालं! दामिनी जिंकली. हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज ट्विंकल आणि आचल या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी कॉलेजच्या सायकल स्टँडवर लावली होती. हरेल त्याने पाणीपुरी खाऊ घालायची, आणि विचारलं की नाही ते गळ्याची शपथ घेऊन सांगायचं. अकरावी सायन्सच्या वर्गात दामिनीची ख्यातीच तशी होती. आंधळगावहून आली तेव्हा शेवटच्या बाकावर बसून हजेरीलाही पुटपुटणारी ही पोरगी आता भर वर्गात उभी राहून "सर, फळ्यावरचं चिन्ह चुकलं" म्हणायची. आणि सर पुसायचे! एकदा का आपल्या तोंडाला आवाज आहे हे कळलं, की माणूस तो वापरून बघतोच. दामिनी तर उठल्यापासून निजेपर्यंत वापरत होती.

"मग? काय म्हणे?" ट्विंकलने सायकल लावायच्या आधीच विचारलं.

"घरची पोरगी म्हणे. काढा पाणीपुरी."

"गळ्याची शपथ?"

"गळ्याची, आईची, फिजिक्सच्या वहीची."

"जिंकली लेक!" ट्विंकलने टाळी दिली.

आचल मात्र ओढणीचं टोक चघळत उभी होती. ही पोरगी कमी बोलायची आणि बोलली की खडा टाकायची. "बरं, मंग पुण्याहून तुया मनिषदादा सुट्टीत येते, तवा त्याचा चहा कोण करते?"

"मी."

"आन् कप कोण धुते?"

"मीच. मंग काय झालं?"

"काई नाही. तोबी घरचाच पोरगा आहे ना, म्हणून विचारलं."

"तू पैज हारली म्हणून जळून राहिली," दामिनी म्हणाली आणि तिखट पाणी जास्त मागून सगळ्यात जास्त पुऱ्या तिनेच खाल्ल्या.

ती भंडाऱ्याला आली त्याची गोष्ट साधी होती. तिचे बाबा टिकाराम आंधळगावात मागावर कोशाच्या रेशमाची साडी विणतात. आई चंदा सुताच्या कांड्या भरते, ताणा सोडवते, आणि रोवणीच्या दिवसांत लोकांच्या बांधीत धान रोवायला जाते. बाबांचे थोरले भाऊ तेजराम, म्हणजे मोठे बाबा, शिकले, सिंचन खात्यात साहेब झाले, भंडाऱ्यात दुमजली घर बांधून राहिले. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं, नागपूरला नेऊन नळीत जाळी बसवली, आणि तेव्हापासून सकाळचा पोहा-आलुबोंडा बंद होऊन ओट्स सुरू झाले. दामिनी दहावीत शाळेतून पहिली आली तशी मोठ्या बाबांचाच फोन आला. पोरीला इकडे पाठव, सायन्सला टाकू, शिकेल. बाबांनी तो फोन स्पीकरवर टाकून शेजारच्यांना ऐकवला. आईने पिशवीत तांदळाच्या पापड्या भरल्या. बाबांनी गाडी धुतली, पुसली, आणि स्वतः आणून सोडलं. निघताना मोठ्या बाबांच्या पाया पडले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. आपल्या भावाचं मन किती मोठं आहे, हे त्यांनी परतल्यावर आख्ख्या गल्लीला सांगितलं असणार.

दुसऱ्याच सकाळी मोठी आई म्हणाली, "बेटा, मला पूजेला उशीर होतोय. तेवढे ओट्स टाकशील का?"

दामिनीने ओट्स जन्मात पाहिले नव्हते. डब्यात बघितलं तर चपटे, फिकट, कुणीतरी पायाखाली दाबल्यासारखे दाणे. पण दाणे म्हणजे दाणे! धानाच्या मुलखातल्या पोरीला दाणा शिजवायला शिकवायचं असतं का? तिने आईसारखंच केलं. आधी तीन पाण्यांनी खसखसून धुतले. अर्धे ओट्स त्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये गेले. मग मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भरपूर पाण्याला आधण आणलं, त्यात ते वैरले, आणि चांगले उकळल्यावर गावाकडे भात पसावतात तसं गंजावर झाकण दाबून, फडक्याने धरून, वरचं पाणी ओतून टाकायला गंज कलंडवला. भाताची पेज कशी धारेने निघते! इथे काहीच निघेना. मग एकदम सगळा गोळा झाकणावर येऊन आदळला, आणि खालच्या भांड्यात जे पडलं ते पाणीही नव्हतं आणि खीरही नव्हती. त्यात चमचा उभा राहिला असता.

मोठे बाबा टेबलवर पेपर घेऊन बसले होते. तिने वाटी पुढे ठेवली. त्यांनी चमचा बुडवला, वर काढला, तर एक लांबच लांब तार लोंबकळायला लागली. त्यांनी चष्म्यातून ती तार बघितली आणि मग, इतक्या वर्षांच्या साहेबीतून सरळ उडी मारून, म्हणाले,

"काय वं पोरी, हे खायाचं आहे का ताण्याले लावाची खळ आहे?"

मागावर चढवण्याआधी सुताला लावतात ती चिकट खळ! मोठ्या बाबांना आठवत होती. ते हसले, दामिनी हसली, पूजेतून उठून आलेली मोठी आई हसून हसून खुर्चीत बसली. त्या सकाळी दामिनीला मोठे बाबा इतके आवडले, की तिने मनात ठरवलं, यांना असे ओट्स करून घालीन की डॉक्टरही विचारतील.

आणि घातले. त्या पोरीने ओट्सचा असा पिच्छा पुरवला की विचारू नका. धुवायचे नाहीत, हे पहिलं. कढई आधी कोरडी तापवून त्यात ओट्स मंद आचेवर परतायचे, रंग बदलायच्या आत आणि भाजल्याचा वास सुटल्यावर, त्या दोन्हींच्या मधल्या क्षणी उतरवायचे. पाणी वेगळं उकळायचं, मिठाची चिमूट त्या पाण्यातच, कारण नंतर घातलं तर मीठ वरच राहतं आणि ओट्स आतून अळणी. मग एका हाताने ओट्स भुरभुरायचे आणि दुसऱ्या हाताने चाटू फिरवत राहायचं. इथे फोन बघितला की गुठळी झालीच समजा. आच कमी. बुडबुडे मोठे यायला लागले की थोडं गरम पाणी, गार नाही. दाणा मऊ झाला पण अजून दाणा आहे, असं दिसलं की गॅस बंद, वर झाकण, आणि थोडा वेळ त्याला त्याच्या मनाने राहू द्यायचं. दूध शेवटी, कोमट. साखर मोठ्या बाबांना चालत नव्हती, म्हणून बारीक चिरलेला खजूर आणि सफरचंद. असे ओट्स चमच्यातून गुपचूप पडायचे. तार नाही, गोळा नाही.

मोठे बाबा रोज वाटी पुसून खायचे. "दामिनीच्या हाताला चव आहे," म्हणायचे. मोठी आई फोनवर मनिषला सांगायची, "तुझ्या बाबांचं कोलेस्ट्रॉल खाली आलं, सगळं आमच्या दामिनीमुळे." हे ऐकलं की दामिनीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

ओट्सपाठोपाठ पोळ्या आल्या. "तू उभीच आहेस तर दोन लाटून टाक," असं म्हणत आल्या. मग भाजी चिरणं आलं, मग मशीनमधले कपडे गच्चीवर टाकणं आलं, मग संध्याकाळी मोठ्या आईच्या भजनी मंडळाचा चहा आला. कुणी कधी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. इथे सगळं "बेटा" म्हणून यायचं. संध्याकाळी तिचा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, नीटचा, क्लास असायचा. क्लासहून आली की ओटा तिची वाट बघत असायचा, ओटा आवरला की झोप, आणि पुस्तक छातीवर उघडं. केमिस्ट्रीच्या चाचणीत ती काठावर सुटली. सरांनी पेपर देताना नुसतं बघितलं. दामिनी म्हणाली, "सर, पुढच्या वेळी बघा." तोंडाला आवाज होताच ना. पण बाकावर येऊन बसली तेव्हा आचलने तिचा पेपर पालथा घातला.

मग तो रविवार आला.

मोठ्या बाबांच्या खात्यातले एक जुने साहेब बायकोला घेऊन नागपूरहून गोंदियाला जाता जाता थांबले. त्या बाईंनी बसल्या बसल्या सांगितलं, त्यांनाही डॉक्टरांनी ओट्स सांगितलेत, पण घशाखाली उतरत नाहीत. मोठी आई म्हणाली, "अहो, आमच्याकडचे खाऊन बघा!" आणि आत आवाज दिला. दामिनीने जीव ओतून केले. मोठ्या बाबांची वाटी वेगळी, आणि साखर चालणाऱ्या बाईंसाठी गुळाचा खडा विरघळवून वेगळी. ट्रे घेऊन ती बाहेर आली, ओढणी नीट केली, आणि आता मोठी आई "ही आमची पुतणी, सायन्सला आहे" म्हणेल, म्हणून चेहऱ्यावर तयार हसू घेऊन उभी राहिली.

बाईंनी चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. मग त्या मोठ्या आईकडे वळल्या. "अगंबाई! दुर्गाताई, काय केलेत हो हे! ही मुलगी कुठून मिळाली तुम्हाला? आमच्याकडे एक टिकत नाही. अशी एखादी आम्हालाही बघून द्या ना."

खोलीत पंखा फिरत होता. दामिनीने मोठ्या आईकडे बघितलं. एकच शब्द हवा होता. तीन अक्षरांचा.

मोठ्या आईने पदर सारखा केला. "गावाकडची आहे," ती म्हणाली. "शहरात अशा मिळत नाहीत आता."

"राहायलाच आहे का?"

"हो, राहायलाच."

"नशीबवान आहात बाई."

दामिनीने मग मोठ्या बाबांकडे बघितलं. ऐकलं होतं त्यांनी. ऐकलं नसतं तर चमचा तसा वाटीत थांबला नसता. तो थांबला, क्षणभर. मग पुन्हा फिरला, वाटीची कड खरवडली गेली, आणि त्यांनी मान वर न करता रिकामी वाटी तिच्यापुढे धरली.

"अजून आहेत का थोडे?"

आत जाऊन तिने वाटी भरली. हात कसा नेहमीसारखाच चालला, याचं तिला नवल वाटलं. पाहुणे गेल्यावर मोठी आई आत आली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्या बाईंना ना, फार चौकशा असतात. कुठे सांगत बसायचं सगळं नातंगोतं!" दामिनीने मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर तिने ते पटवूनही घेतलं. माणसाला आपल्या लाडक्या माणसांबद्दल किती काय पटवून घेता येतं! ट्विंकल आणि आचलला तिने यातलं काही सांगितलं नाही. सगळं सांगणारी ती पोरगी, एवढंच एक सांगू शकली नाही.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. मोठी आई मंडळात गेली होती, मोठे बाबा वर झोपले होते. दामिनीने दार उघडलं तर एक वाळकी म्हातारीशी बाई उभी. डोक्यावर पदर, पदरावर धानाच्या कोंड्याची भुकटी, पापण्यांवरसुद्धा भुकटी.

"बाई हायेत का?"

"नाहीत. मंडळात गेल्या. तुमी कोण?"

"मी रंभाबाई. दिवाळीची साफसफाई काढली असन तं विचारून येतो म्हटलं. जाळे-गिळे झाडाचे असन, भांडे-गिंडे घासाचे असन." तिने दामिनीला खालून वर बघितलं. दामिनीच्या हाताला कणीक होती, कमरेला मोठ्या आईचा जुना टॉवेल खोचलेला होता. "तू नवीन लागली का वं?"

"नाही नाही. मी पुतणी आहे. आंधळगावची."

"अवं माय! तूच का ते पुतणी!" रंभाबाई पायरीवर टेकली, जणू मोठा उलगडा झाला. "मंग तं तूच माया जागी आली."

"तुमच्या जागी म्हणजे?"

"मी होतो ना अथी. मनिष रांगत होता तवापासून. पोळ्या, धुणं, सारं. साहेबाचे ते ओट का फोट, तेबी मीच करत जाओ. जूनमधी बाई म्हणे, रंभाबाई, आता गावाहून आमची पोरगी येऊन राहिली, तुमी आराम करा." ती हसली, पुढचे दोन दात नव्हते. "मी म्हटलं, बाई, मले कुठी आराम पायजे? आराम करून खाऊ काय?"

दामिनीने हाताची कणीक टॉवेलला पुसली. "आता कुठी जाता कामाले?"

"राईस मिलमधी. कोंडा झाडतो. ते धूळ पाय ना, नाकात जाते, रातभर खोकला सुटते. तुया दोष नाही व पोरी, काहून तोंड पाडते? तू तं शिकाले आली."

"थांबा, तुमाले काही खायाले आणतो. ओट्स आहेत सकाळचे."

"साहेबाच्या पोटचे नको काढू."

"उरलेले आहेत. आत या, बसा टेबलवर."

"टेबलवर?" रंभाबाईने तोंडाला पदर लावला, एवढं हसू आलं तिला. मग खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर हात फिरवला. "माया गिलास होता अथी. आहे का अजून? त्यातच दे चहा असन तं."

कट्ट्यावर एक पोचे पडलेला स्टीलचा गिलास होता. दामिनी आल्यापासून त्याने तुळशीला पाणी घालत होती. मोठ्या आईनेच सांगितलं होतं, तो आत आणू नको, बाहेरच असू दे. तिने कारण विचारलं नव्हतं. आख्ख्या वर्गात कारणं विचारणारी ती, इथे विचारलं नव्हतं.

"तुळशीले ठेवला का? बरं केलं," रंभाबाई गिलास उलटसुलट करत म्हणाली. "कामी तं आला."

तिने पायरीवर बसून गार ओट्स खाल्ले, वाटी स्वतः विसळली, चांगले झाले म्हणाली, आणि बाईंना निरोप सांगायला सांगून गेली. संध्याकाळी दामिनीने निरोप दिला. मोठी आई म्हणाली, "हो का? पण तू आहेस ना. दोघी मिळून झाडू की." आणि दोघींनी मिळून झाडलं. म्हणजे मोठी आई खाली उभी राहून कुठे जाळं राहिलं ते दाखवत होती.

आंधळगावात घरात शिरलं की आधी मागाचा आवाज येतो, मग माणसं दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत आलेली दामिनी पिशवी टाकून आईच्या गळ्यात पडली. फराळ झाला, शेजारच्या ताराबाई येऊन "शहराची हवा मानवली पोरीले" म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा मागावर बसले होते, आई खाली चरख्यावर कांड्या भरत होती, आणि दामिनीने सगळं सांगितलं. पाहुण्या बाईपासून पायरीवरच्या रंभाबाईपर्यंत. तिला वाटत होतं, बाबा ताडकन उठतील. आई डोळ्याला पदर लावेल. ती दोघांना समजावायची वाक्यंसुद्धा बसमध्ये तयार करून आली होती.

बाबांनी धोटा इकडून तिकडे फेकला, ठोक मारला. परत फेकला. मग हात थांबवले.

"त्या बाईले दादानं काढलं नाही," ते हळू म्हणाले. "दादा तं म्हणे, बाई सोडून गेली. वहिनीचे गुडघे दुखतात, घरात कोणी पायजे. पोरीले धाडशीन तं तिचं शिक्षण होईन, आमालेबी आधार होईन."

दामिनी मागाजवळ सरकली. "म्हणजे तुमाले मालूम होतं?"

"हाताखाली कोणी पायजे, एवढं मालूम होतं."

"आई, तुले?"

चरखा फिरत होता. चंदाने सूत तुटलं नसताना थांबून सूत बघितलं. "घरचंच काम आहे ना व. अथी असती तं नसतं केलं का? दोन वर्सं तं आहेत. निंगून जाईन. मोठ्या घरी राहलं तं वागाले-बोलाले शिकते माणूस."

"फोन आला तवा स्पीकरवर हे नाही ऐकवलं तुमी कोणाले."

बाबांनी मान खाली घातली. साडीच्या किनारीवरचा एक गुंता ते नखाने सोडवत राहिले. "दामू, मी आठवीतून निंगालो तवा कोणी जबरदस्ती नाही केली मले. घरात दोघं शिकाले जाऊ शकत नव्हते. मी मागावर बसलो, दादा शिकला. एक शिकला तरी साऱ्या घराचं नाव होते. मले कधी वाईट नाही वाटलं."

"वाईट नाही वाटलं, का कोणी विचारलंच नाही?"

"दामिनी!" आई ओरडली. "बापाशी बोलून राहिली तू!"

"राहू दे," बाबा म्हणाले. गुंता सुटला, तशी किनार त्यांनी हाताने सपाट केली. मग एकदम, दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "त्या पाहुणीनं विचारलं, कुठून मिळाली म्हणून. तवा दादा अथीच होता?"

"समोरच बसून होते."

"आन् काहीच नाही बोलला?"

दामिनीला एक क्षण वाटलं, खोटं सांगावं. मोठे बाबा आत होते म्हणावं. या माणसाकडे आयुष्यात अभिमानाची एकच वस्तू होती, कोशाच्या साडीसारखी घडी घालून ठेवलेली, आणि ती आपण मोडणार आहोत हे तिला कळत होतं. पण ते विचारत होते. तिच्या आठवणीत बाबांनी मोठ्या बाबांबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"अजून ओट्स आहेत का, म्हणाले."

टिकाराम मागावरून उठले. मागाखालच्या खड्ड्यातून पाय काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. त्यांनी भिंतीवरचा, दोघा भावांचा लग्नातला फोटो पाहिला नाही, काही फेकलं नाही. दारातल्या बादलीतलं पाणी घेऊन चेहरा धुतला, आणि ओल्या चेहऱ्याने येऊन पोरीसमोर जमिनीवर बसले. तिच्या कॉलेजच्या, शहराच्या, सायन्सच्या इतक्या जवळ ते कधी बसले नव्हते.

"मंग काय म्हणते तू?"

चंदा घाबरून म्हणाली, "काय म्हणन ते? लेकरू आहे. दिवाळी झाली की जाईन. मोठ्या भावाशी तोडाचं असते का? उद्या तुमाले काही झालं तं कोण पायन?"

"तिले बोलू दे."

वर्गात फळ्यासमोर उभं राहणं सोपं होतं. इथे समोर तिची माणसं होती, आणि ती जे सांगणार होती त्याची किंमत तिला ठाऊक होती. संध्याकाळचा क्लास सुटायच्या आधीच आंधळगावची शेवटची बस निघून जाते. क्लास नाही म्हणजे नीट जवळजवळ नाहीच. पांढरा कोट घालून गावात येण्याचं चित्र तिने दहावीपासून मनात रंगवलं होतं, आणि ते रंगवायला ट्विंकल-आचलसकट सगळ्यांची मदत घेतली होती. तिने ते चित्र एकदा शेवटचं पाहून घेतलं.

"मी मोठ्या बाबाच्या घरी आता राहणार नाही," ती म्हणाली. आवाज कापला, पण थांबला नाही. "कॉलेज सोडणार नाही. सकाळच्या बसनं जाईन, दुपारच्या बसनं येईन. क्लास बुडते, बुडू द्या. डॉक्टर नाही झाली तं नाही झाली, दुसरं काही होईन. तुमी फोन करू नका, बाबा, तुमाच्यानं होणार नाही. मीच जाईन, समोरच्या दारातून, पाया पडीन, आन् त्याईले सांगीन की माया जागेवर रंभाबाईले बलावून घ्या."